मिठाची बरणी आणि लॅपटॉप

‘हल्लीच्या वस्तू टिकत नाहीत’ हे कोकणातलं पावसाळी पालुपद. ज्याचा टीव्ही गेला तो सांगतो, पूर्वीचा खोक्याएवढा टीव्ही वीस वर्षं चालला. ज्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे तो म्हणतो, अहो, दुरुस्तीत काय ठेवलंय, नवा घ्या, हप्त्यावर मिळतो. तिसरा कंपन्यांची नावं घेऊन भांडतो: अमक्याचा घेतलात म्हणून फसलात, तमक्याचा घ्यायला हवा होता. गावच्या तिठ्यावर, एसटीत, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद चालूच असतो आणि तिन्ही पक्ष दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहूनच भांडतात. घरातल्या सॉकेटचं वरचं जाड भोक, त्यामागची हिरवी वायर, ती वायर परसात जिथं मातीत शिरते ती जागा आणि खिडकीतून आत येणारा वारा, यांची साक्ष कुणीच काढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोकणपट्टीत यंत्र किती वर्षं टिकेल हे किमतीवर आणि कंपनीवर फार थोडं ठरतं. ते घराच्या अर्थिंगवर, म्हणजे गळती वीज जमिनीत सोडणाऱ्या त्या हिरव्या वायरीवर, हवेतल्या मिठावर आणि बिघडल्यावर ते उघडता येतं की नाही यावर ठरतं. ‘जुनं की नवं’ हा प्रश्न इथं चुकीच्या टोकाला धरलेला आहे. पन्नास हजारांचा लॅपटॉप घेणाऱ्याने त्यातले पाच आधी जमिनीत पुरावेत आणि उरलेल्या पंचेचाळीसात येईल तो लॅपटॉप घ्यावा; तो साठ हजारांच्यापेक्षा जास्त टिकेल. हे झालं घरापुरतं. सरकारकडे मागायची गोष्टही आहे, पण तिच्याकडे जाण्याआधी मीठ काय करतं ते पाहायला हवं.

पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते हे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असतं, म्हणून तर बरणीत चार दाणे तांदूळ टाकतात. त्यामागचं कारण मोजता येतं. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी फारच क्वचित होते. याचा अर्थ खाऱ्या वाऱ्यांबरोबर येऊन सर्किट बोर्डवर बसलेला मिठाचा थर जवळजवळ बारमाही ओलसरच राहतो. जून ते सप्टेंबर तो उघडउघड खारं पाणी असतो. आता बोर्डवर शेजारी शेजारी दोन तारा आहेत, मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतर, एकीवर विजेचा दाब आणि वरून हे खारं पाणी. धन बाजूचा धातू विरघळतो, ऋण बाजूकडे जाऊन केसासारख्या तंतूंच्या रूपात वाढतो आणि एक दिवस दोन्ही तारा जोडून टाकतो. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की काल चालू असलेला टीव्ही आज लागत नाही.

इथं ‘पूर्वीच्या वस्तू चांगल्या’ म्हणणाऱ्यांना त्यांचं माप द्यायला हवं, कारण त्यांच्या बोलण्यात भाबडेपणापेक्षा जास्त काही आहे. जुन्या बोर्डवरच्या तारा पसाऱ्याने आखलेल्या असत, सुटे भाग बोटात धरता येतील एवढे. आज मोबाइलच्या बोर्डवरचा एखादा रेझिस्टर ०.६ मिलिमीटर लांब आणि ०.३ रुंद असतो. मोहरीचा दाणाही त्याच्यापुढे मोठा. दुसरं असं की जुना पिक्चर-ट्यूबवाला टीव्ही तापायचा आणि ती ऊब ओल हाकलून लावायची. आजचा एलईडी टीव्ही वीज कमी खातो, म्हणजे थंड राहतो, म्हणजे ओला राहतो. बचतीची ही किंमत कुणी आपल्याला सांगितलेली नाही. पण याच मंडळींना एक आठवण करून द्यावीशी वाटते. पावसाळ्यात त्या जुन्या टीव्हीच्या मागून चरचर, तडतड असा आवाज यायचा, अंधारात निळसर ठिणगी दिसायची, तो काय प्रकार होता? हाय व्होल्टेजच्या भागावर ओल आणि धूळ बसून वीज गळत होती. टीव्ही तेव्हाही बिघडायचे. फरक इतकाच की झोळी घेऊन मेकॅनिक घरी यायचा, सोल्डरिंग गन तापवायचा आणि तासाभरात चित्र परत यायचं. वीस वर्षं टिकला तो टीव्ही आणि त्याच्याइतकाच तो मेकॅनिक.

कोकणात शाबूत राहिलेली कुठली गोष्ट आपोआप टिकली आहे? मंगळूरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला आणि पुढे ती कौलं किनाऱ्याने वर चढत घराघरावर आली. गवती छपरापेक्षा ती किती तरी पक्की, पण म्हणून मे महिन्यात घर शाकारणं थांबलं का? फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, पश्चिमेच्या अंगाला झापांच्या झडी बांधायच्या, हे चालूच राहिलं. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत होड्या वर ओढून खरवडतात, तेल-रंग लावतात. नवी होडी घेतली म्हणून कुणी ते टाळत नाही. तांदूळ, सुकं, लाकूडफाटा, मीठमिरची यांची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, यादी आजही निघते. त्या यादीत फक्त विजेच्या वस्तूंना जागा मिळालेली नाही, कारण त्या आल्याच मुळी ‘देखभाल लागत नाही’ अशा शब्दावर.

मुंबईकर चाकरमान्यांच्या बंद घरांचं उदाहरण घ्या. शिमग्याला किंवा मेमध्ये घर बंद झालं की ते गणपतीलाच उघडतं. तीन महिने भिंतींना ओल, कपाटात बुरा, इन्व्हर्टरच्या जाळीतून आत शिरलेली झुरळं, स्विचबोर्डात पालीची अंडी. आल्या आल्या मेन स्विच टाकतात, मुलं टीव्ही लावतात आणि फट् असा आवाज होतो. मग कंपनीला शिव्या. वास्तविक बोर्डवर त्या क्षणी ओला मिठाचा थर असतो आणि त्यावर आपण २३० व्होल्ट सोडलेले असतात. उपाय फुकटचा आहे. पहिला दिवस दारं-खिडक्या उघडून पंखे लावा, टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या मागे टेबल फॅनचा झोत चार-पाच तास राहू द्या, शक्य असेल तर साठ वॅटचा पिवळा दिवा जवळ लावून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी वस्तू चालू करा. वस्तीच्या घरात तर याहून सोपं: कॉम्प्युटर पावसाळ्यात रोज तासभर चालवा. झाकून ठेवलेल्या यंत्रापेक्षा वापरातलं यंत्र किनाऱ्यावर जास्त जगतं. प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळून ठेवण्याची हौस मात्र सोडा. कव्हर पाण्याला अडवतं, बाष्पाला आत कोंडतं.

कॅमेरा, लेन्स, बॅकअपची हार्ड डिस्क यांचं तंत्र वेगळं. त्यांना रबरी पट्टीचा घट्ट झाकणाचा डबा, आत शे-दोनशे ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि सोबत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. साठ-पासष्टच्या पुढे लेन्सवर बुरशी धरते. जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून ते पुन्हा वापरता येतं. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या इवल्या पुड्या उघड्या कपाटात ठेवणं म्हणजे समुद्रात खसखस.

आता अर्थिंग. इथं मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण कोकणातली निम्मी ‘वॉरंटीत गेली, वॉरंटीबाहेर गेली’ ही रडगाणी याच खड्ड्यातून येतात.

लॅपटॉप चार्जिंगला लावून धातूच्या अंगावरून हात फिरवला की बोटांना मुंग्या येतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. लोक म्हणतात चार्जर खराब. चार्जर बहुधा ठीकच असतो. त्यात विजेतली खरखर गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या सॉकेटच्या दोन तारांकडून अर्थकडे जोडलेले असतात. अर्थ मिळालं तर त्यांची चिमूटभर गळती जमिनीत जाते. नाही मिळालं तर लॅपटॉपचं अंग साधारण अर्ध्या दाबावर, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह इतका कमी की इजा होत नाही, पण तीन पिनांचा चार्जर लावूनही मुंग्या येत असतील तर घर तुम्हाला काहीतरी सांगतंय. आधी एक्स्टेंशन बोर्ड पाहा. स्वस्त बोर्डात वरचं भोक असतं आणि आत त्याला वायरच नसते. मग सॉकेट. मग मीटरबोर्डाखालून परसात जाणारी तार. किनाऱ्यावर ती नटाच्या जागी गंजून तुटलेली सापडणं हा नेहमीचाच प्रकार.

मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत दाखवलं तर ठीक, वीस-तीस दाखवलं तर गडबड. पण फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवलं म्हणून खूश होऊ नका. मल्टिमीटरला प्रवाह लागतच नाही. कुजक्या तारेतूनही तो व्होल्ट दाखवतो. म्हणून जुने वायरमन शंभर वॅटचा दिवा फेज-अर्थमध्ये लावून पाहत. दिवा भरून पेटला तर अर्थिंग जिवंत, मंदावला तर आजारी. हे काम वायरमननेच करावं, आपण नव्हे. आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली असेल तर दिवा लावताच ती पडेल, तो तिचा धर्मच आहे.

कोकणाची खरी अडचण जांभ्या दगडात आहे. सड्यावरच्या, कातळावरच्या घराभोवती हातभर मातीखाली जांभा लागतो, आणि कोरड्या जांभ्यातून वीज सहजी वाहत नाही. भारतीय मानकाप्रमाणे अर्थिंगचा जस्ती पाइप किमान ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा. प्रत्यक्षात तीन फुटांवर पहार वाजली की पाइप कापून तेवढाच पुरला जातो आणि वर सिमेंटची कुंडी बांधून काम झालं म्हणतात. जुलैमध्ये मोजलं तर तेही छान आकडा देतं, कारण जमीन पाण्याने टच्च भरलेली असते. पण वीज कधी पडते? आषाढ-श्रावणातल्या संततधारेत गडगडाट तसा कमीच. विजांचा मोसम म्हणजे वळवाचा मे महिना आणि परतीच्या पावसाचा ऑक्टोबर. म्हणजे मेमध्ये, जमीन सर्वांत सुकी आणि अर्थिंग सर्वांत दुबळं असताना, नेमकी त्याची परीक्षा. म्हणून अर्थिंग मेमध्येच मोजून घ्यावं, त्याचा विजेला होणारा अडथळा पाचेक ओहमच्या खाली यावा, आणि खड्डा शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर, माडाच्या आळ्याजवळ काढावा. माडाला मिठाचं वावडं नाही. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन घागरी पाणी त्या पाइपात ओतावं. मीठ-कोळशाचं पारंपरिक भरण स्वस्त पडतं, पण इथल्या पावसात मीठ वाहून जातं आणि जाता जाता पाइप खातं. बेंटोनाइट मातीचं तयार भरण मिळत असेल तर ते जास्त वर्षं पुरतं.

यावर जाणकारांचा एक आक्षेप रास्त आहे: कातळावर कितीही केलं तरी पाच ओहम येतच नाही, मग खर्च कशाला? खरंच अनेक ठिकाणी वीसच्या खाली येत नाही. गणित करून पाहा. यंत्राच्या अंगावर फेज आला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील आणि १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की वीज तोडणारी कळ, ढिम्म हलणार नाही. अंग जिवंतच राहील, हात लावणारा माणूस जाईल. पण यातून निष्कर्ष ‘अर्थिंग सोडून द्या’ असा निघत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, असा निघतो. ती वीस ओहमच काय, शंभर ओहमलाही पडते आणि वीज तोडते. ती पावसाळ्यात सारखी पडते म्हणून बायपास करणारे वायरमन आहेत. ते आजाऱ्याचा थर्मामीटर फोडून ताप उतरवतात.

अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टरही अर्धाच चालतो. त्याच्या पोटात व्हेरिस्टर नावाच्या चकत्या असतात; दाब वाढला की त्या वाट मोकळी करून लाट जमिनीकडे वळवतात. जमीनच जोडलेली नसेल तर वळवायची कुठे? शिवाय प्रत्येक तडाख्याला त्या थोड्या झिजतात. बोर्डवरचा ‘प्रोटेक्टेड’ दिवा विझला की तो साधा एक्स्टेंशन बोर्ड उरतो. थेट जवळ पडलेल्या विजेला तर कोणताच प्रोटेक्टर पुरत नाही, प्लग उपसणं हाच उपाय. बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि प्लग काढला पण डिशची केबल तशीच राहिली तर टीव्ही त्या वाटेने जातो. फायबर काचेचा असल्यामुळे वीज वाहत नाही हे खरं, पण घराकडे येणाऱ्या बऱ्याच केबलांत ताणासाठी लोखंडी तार असते आणि राउटरचा अ‍ॅडॅप्टर तर भिंतीतच खोचलेला असतो.

स्टॅबिलायझरचा गैरसमज थोडक्यात उरकतो. लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं; कमी दाब तो स्वतःच सांभाळतो, स्टॅबिलायझर फ्रिजला द्या. भीती आहे ती वादळात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा एका फेजवरच्या घराला तीनशे-साडेतीनशे व्होल्टही भेटतात, आणि एका रात्रीत आळीभरचे चार्जर, सेटटॉप बॉक्स, एलईडी दिवे एकदम जातात. त्यासाठी मीटरनंतर ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवायचा असतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा श्रीवर्धन ते दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. परत आलेली वीज कशी येईल याचा भरवसा नसतो. आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच प्लग खोचा.

आता ‘नवं घ्या’ पक्षाची बाजू, कारण तिच्यात दम आहे. पहिला मुद्दा विजेचा. जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट दीडशे वॅट खातो, लॅपटॉप तीस-चाळीसात काम उरकतो. १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १८०० वॅट-अवर देते, तिच्या तब्येतीसाठी निम्मीच वापरायची म्हटलं तर डेस्कटॉप सहा तासांच्या आत गप्प होतो आणि लॅपटॉप दिवसभर चालतो. लाइट ये-जा करणाऱ्या गावात हा फरक चैनीचा नाही. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; सुरक्षा-अपडेट बंद झालेल्या फोनवर यूपीआय चालवणं म्हणजे कडी न लावता झोपणं. तिसरा मुद्दा सर्वांत कसदार: गोंदाने सीलबंद केलेला फोन पाण्यात पडून वाचतो, आणि ‘उघडता आला पाहिजे’ म्हटलं की सील गेलं. कोकणात, जिथं पाणी आकाशातून, जमिनीतून आणि हवेतून येतं, तिथं उघडणाऱ्या वस्तूंचा आग्रह धरणं वेडेपणा नाही का?

पहिला मुद्दा मान्य, बिनशर्त. दुसरा अर्धा मान्य: फोनच्या बाबतीत पर्याय नाही, जुना फोन बँकेच्या कामातून काढून गाणी ऐकायला ठेवा. पण २०१६-१७ चा धडधाकट लॅपटॉप केवळ विंडोज ११ घेत नाही म्हणून भंगारात घालायचं कारण नाही. त्यात एसएसडी ही वेगवान डिस्क आणि आठ जीबी रॅम टाकून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली बसवली तर पंचायतीचे दाखले, मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, होमस्टेचं बुकिंग हे सगळं आणखी चार-पाच वर्षं होतं. अट एकच, मागचे स्क्रू उघडता आले पाहिजेत आणि रॅम बोर्डला डकवलेली नको.

तिसरा मुद्दा मात्र मुळातच चुकीचा आहे, आणि तो कंपन्यांनी आपल्या गळी उतरवलेला आहे. उघडणं आणि पाणी न शिरणं यांत वैर असतं तर मनगटी घड्याळं झालीच नसती. मागचं झाकण आटे देऊन फिरवायचं, खाली रबरी कडं. पाण्यात चालणारी घड्याळं १९२६ पासून बाजारात आहेत आणि गल्लीतला घड्याळजी ती उघडतो. फोनचंच उदाहरण हवं तर सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस-५ पाहा: नखाने मागचं झाकण निघायचं, बॅटरी हातात यायची, आणि तरी पाण्यासाठी आयपी ६७ दर्जा होता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. उलट गोंदाचं सील उष्णतेने, वयाने सुटतं आणि ते सुटलंय हे कळायची सोय नसते. शिवाय या आयपी चाचण्या गोड्या पाण्यात होतात. गणपतीपुळ्याच्या लाटेत आयपी ६८ फोन घेऊन उतरणारा पर्यटक प्रयोगशाळेच्या भरवशावर समुद्राशी पैज लावत असतो.

भिजल्यावर काय, याचं उत्तरही उघडण्यातच आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरातून निघालेल्या वस्तू लोक दोन दिवस उन्हात ठेवतात आणि ‘सुकलं’ म्हणून बटण दाबतात. पाणी सुकतं, चिखल आणि क्षार तिथंच राहतात आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओले होतात. बरोबर क्रम असा: वीज लावायची नाही, बॅटरी सोडवायची, बोर्ड बाहेर काढून आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, मऊ ब्रशने ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासायचा, कनेक्टरांच्या खाली विशेष लक्ष द्यायचं, दोन दिवस पंख्याखाली ठेवायचा आणि मगच करंट. थिनर किंवा पेट्रोल नको, ती प्लास्टिक खातात. तांदळाच्या डब्यात फोन पुरणं तर सोडाच. तांदूळ बरणीच्या तोंडापाशी थोडी ओल धरतो, बोर्डवरचं मीठ धुऊन काढत नाही, आणि त्याचा भुस्सा चार्जिंगच्या भोकात जातो. सीलबंद, गोंदबंद वस्तूला हे धुणंच शक्य नसतं. हो, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल तर तीही त्याच पुरात जाते. एक प्रत मुंबईच्या मावशीकडे राहू द्या.

राहिला सार्वजनिक प्रश्न. १८७० साली मुंबई ते एडन समुद्राखालून तारेची केबल पडली, तेव्हापासूनच्या केबलवाल्यांना एक गोष्ट माहीत आहे: खोल तळाशी केबल बारीक चालते, किनाऱ्याजवळच्या तुकड्याला मात्र जाडजूड कवच लागतं, कारण समुद्र काठावर जास्त घासतो. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली, आणि ती दर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळ्या पावसाळी वेळापत्रकावर धावते. कोसळत्या पावसात वेग ताशी चाळीस किलोमीटरवर येतो. जागा बघून नियम बदलायचा असतो हे केबलवाल्यांना कळलं, रेल्वेला कळलं. वॉरंटीच्या कागदाला कधी कळणार? लॅपटॉपच्या माहितीपत्रकात आर्द्रता सहसा नव्वद टक्क्यांपर्यंत चालेल, ‘पण दव न धरता’, अशी अट असते. मिठाचं नाव नसतं. मग वेंगुर्ल्याच्या किंवा गुहागरच्या बागेतल्या घरी बोर्डवर हिरवट गंज दिसला की तो ‘ग्राहकाने केलेलं नुकसान’ ठरतो. ग्राहकाने काय केलं? तो समुद्राजवळ जन्मला.

२०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही काढलं. चांगलं झालं, पण संकेतस्थळावर सेवा केंद्राचा पत्ता मिळून राजापुरातल्या मेकॅनिकला सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा मिळत नाही. तो दिला तर वस्तू महाग होतील, असं कंपन्या म्हणतात. असेलही थोडं. फ्रिज-एसीवर ताऱ्यांचं लेबल २००६ मध्ये आलं तेव्हाही हेच म्हटलं गेलं असेल. आज पाच तारे बघितल्याशिवाय कुणी एसी घेत नाही. त्याच लेबलात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे: खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे किंवा नाही. चाचणी नव्याने शोधायची नाही. मिठाच्या धुक्यात वस्तू ठेवून तपासण्याची आंतरराष्ट्रीय मानकं तयार आहेत. बोर्डवर लाखेसारखा संरक्षक थर देणं ही कारखान्यांना जुनी गोष्ट आहे, गाड्यांच्या आणि बोटींच्या बोर्डांना तो मिळतोच.

आणि मागितलं की मिळतं याचा पुरावा कोकणातल्या छपरांवरच आहे. सोलर पॅनेल घेताना किनाऱ्यावरचं सावध गिऱ्हाईक आयईसी ६१७०१ हे मिठाच्या धुक्याच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागतं, आणि विक्रेता ते काढून दाखवतो, कारण किनारी भागासाठी ते लागतं हे त्यालाही माहीत असतं. त्याच छपराखाली, त्याच वाऱ्यात, पॅनेलपासून दहा फुटांवर इन्व्हर्टर आणि राउटर खिळ्याला टांगलेले असतात. त्यांचं प्रमाणपत्र विचारलं तर विक्रेता खोकं उलटसुलट करून पाहतो आणि वॉरंटीकार्डावर शिक्का मारून देतो.